आधी चोच बघ

रविवारी येतेस ना, तर ती ब्रेडची लादी तिकडेच ठेवून ये. मीही पूर्वी शिळ्या पोळ्यांचे तुकडे पाण्यात टाकायचो. उरलेले काठालाच कुजून वास मारायला लागले, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आपल्या नांदूर मध्यमेश्वरला बदकांचं ताट वाढलेलंच असतं. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, त्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं आणि पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याची डोकेदुखी, बदकांची पंगत.

चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर चढलीस की रंग बघत बसू नकोस. आधी चोच बघ, मग शेपटी. थापट्याची चोच पुढे फावड्यासारखी रुंद. तो मान पाण्यावर आडवी टाकून सरकत राहतो. कधी पाच-सहा जण एकामागे एक गोल फिरतात, पुढच्याने ढवळलेलं मागच्याच्या तोंडात. त्याच्या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी बाहेर, किडे आणि बिया आत. तुझ्या आजीची चाळणी याच्यापुढे जाडीभरडी.

चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके दिसले, तर तो हळदी-कुंकू बदक. हा डोकं खाली, शेपटी वर करून उभा राहतो आणि तळाशी पोचेल तेवढं ओरबाडतो: कोवळे कोंब, लव्हाळ्याचं बी, मधूनच गोगलगाय. तलवार बदकाची मान लांब, म्हणून त्याचा हात जरा खोलवर पोचतो. एकाच पाण्यात इतक्या जाती सुखानं का नांदतात, ते इथे कळतं. लालसरी तर अख्खीच बुडी मारते. तू आकडे मोजत बस, ती भलतीकडेच वर येते. चक्रवाक मात्र पाण्यात कमी, काठावर जास्त. हिवाळ्यात शेतात उतरून कोवळे कोंब खुडतो, म्हणून शेजारच्यांचा त्याच्यावर राग. माझा नाही, चार कोंबांनी कुणी बुडत नाही.

एखादं बदक रेती गिळताना दिसलं तर हसू नकोस. दात नाहीत, त्यामुळे दळण पोटातच. ती रेती म्हणजे त्याचं जातं.

आता खरं सांगायचं ते. पावसाळ्यात हळदी-कुंकवाची पिल्लं निघतात. मोठी झाल्यावर दाणापाला खातील, पण पहिले काही आठवडे त्यांना किडेच लागतात. त्याशिवाय अंग भरत नाही. अंडी घालायच्या दिवसांत मादीसुद्धा गोगलगायींकडे वळते, कवचाला चुना लागतो ना. म्हणून काठावर किडे घोंघावले तर नाक मुरडू नकोस. आणि बाबाला सांग, द्राक्षांची फवारणी झाली की पंप ओढ्यात खळबळायचा नाही. मी धुतलाय एकदा. दुसऱ्या दिवशी त्या वळणावर पाण्यावरचे निवळीकिडेसुद्धा दिसले नव्हते.