जाळू नका, कुजवा : परसातल्या पाल्याचा धडा



फाल्गुन लागला की आपल्या एरंडोल तालुक्यात घरोघरी एकच काम. सकाळी अंगण झाडायचं आणि पाठ फिरते न फिरते तोच कडुनिंबाचा पाला पुन्हा पडलेला. ढीग केला, काडी लावली, झालं. मीही वर्षानुवर्षं हेच करत आले.

एका वर्षी असाच ढीग पेटवला आणि भाकरी टाकायला आत गेले. तेवढ्यात वारा सुटला. आरडाओरडा ऐकून बाहेर आले, तर शेजारच्या जिजींचा पऱ्हाट्यांचा ढीग पेटलेला. सगळ्यांनी हंडे-बादल्या ओतल्या. माणसं वाचली, गोठा वाचला, पण जिजींचं पावसाळ्याचं सरपण गेलं. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं. गटाच्या बैठकीत मी स्वतःहून चूक सांगितली. प्रत्येकीने एकेक मोळी दिली. त्या दिवसापासून माझ्या घरी पाला जाळणं बंद.

जाळलं तर काय जातं?

राख उरते, बाकी सगळं धुरात जातं. तो धूर आधी आपल्याच लेकरांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या छातीत शिरतो. मातीला हवा असलेला कर्ब आणि नत्रही त्यातच जातो. मग तीच माती सुधारायला आपण दुकानातून खत आणतो!

एरंडोल शहरातल्या भगिनींनी हेही लक्षात ठेवावं. २०१६ च्या घनकचरा नियमांत बागेचा पाला रस्त्यावर किंवा नालीत टाकू नये, उघड्यावर जाळू नये, आपल्या आवारात वेगळा ठेवावा, असं सांगितलं होतं.

नुसता पाला का कुजत नाही?

कोरडी भाकरी एकटी घशाखाली उतरत नाही, सोबत कालवण लागतं. पाल्याचंही तसंच. सुक्या पाल्यात कर्ब भरपूर, नत्र कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना दोन्ही लागतात. म्हणून सोबत शेण, हिरवं गवत, भाजीची देठं-सालं द्यायची.

खड्डा कसा भरायचा?

१. विहीर, हातपंपापासून लांब, झाडाच्या सावलीत, पाणी न साचणारी उंच जागा निवडा. ३ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल खड्डा एका घराला पुरतो.

२. तळाशी काड्या-काटक्या टाका. खालून हवा खेळते.

३. वर वीतभर सुका पाला, मग चार बोटं हिरवा कचरा, त्यावर शेणाचा काला शिंपडा आणि मूठ-मूठ माती भुरभुरा. खड्डा भरेपर्यंत असेच थर द्या.

४. वरून ओलं गोणपाट झाका. आपल्याकडचं ऊन ढीग दोन दिवसांत वाळवतं. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी रोज इथेच ओता. साबणाचं पाणी नको.

५. दर १५ दिवसांनी खालचं वर, वरचं खाली करा. आधी काठीने हलवा, मगच हात घाला. पाल्यात विंचू असतो, बाई!

ओल बरोबर आहे का, ते मुठीत दाबून बघा. गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. आठ-दहा दिवसांत ढीग आतून गरम लागला तर काम चालू आहे. गरम झालाच नाही तर शेण किंवा पाणी कमी पडलं. वास सुटला तर ओल जास्त झाली, सुका पाला मिसळून ढीग हलवा.

तीन-चार महिन्यांत काळं, भुसभुशीत खत होतं. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. म्हणजे आता खड्डा भरला तर मृगाच्या सुमारास खत हातात.

काय टाकायचं नाही?

प्लॅस्टिक, गुटख्याच्या पुड्या, काच, सेल, औषधाच्या बाटल्या. बी धरलेलं गाजरगवतही नको, ते खतातून वाफ्यात उगवतं. तेलकट शिळं अन्न टाकलं तर कुत्री आणि उंदीर ढीग उकरतात.

पऱ्हाट्यांचं काय?

पऱ्हाटी टणक असते, अख्खी टाकली तर लवकर कुजत नाही. बारीक तुकडे केले तरच टाका. सरपणाला ठेवायची असेल तर अडकलेली बोंडं आधी काढून नष्ट करा. त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा कपाशीवर येते. आणि ढीग घरापासून, चुलीपासून लांब रचा. हे मी अनुभवाने सांगते.

गटाने मिळून केलं तर?

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजेच नाडेपकाका. त्यांनी विटांची जाळीदार टाकी बसवली. ती १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असते. विटांमधल्या भोकांतून हवा खेळते, म्हणून ढीग सारखा हलवावा लागत नाही. साधारण १४०० ते १५०० किलो पाल्या-कचऱ्याला १०० किलोच्या आसपास शेण पुरतं, सोबत चाळलेली माती लागते. म्हणजे थोड्या शेणात भरपूर खत. ज्या घरी एकच म्हैस आहे, त्यांना हे सोयीचं. रोजगार हमीच्या कामांत नाडेप टाकी येते का, ते ग्रामपंचायतीत विचारून बघा.

शेण नाही, जागा नाही, असं म्हणणाऱ्या बहिणींनीही पाला जाळू नये. वांगी, मिरची, कढीपत्त्याच्या बुडाशी चार बोटं पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. ओल टिकते, तण कमी येतं, एका पाण्याची बचत होते.

पुढच्या बैठकीत बोलूया

* आपल्या गल्लीत कोण पाला जाळतं? तिच्याकडे जागा नाही, शेण नाही की वेळ नाही?
* कोणाकडे शेण जास्त, कोणाकडे पाला जास्त? अदलाबदल जमेल का?
* पऱ्हाट्यांचे कोणते ढीग घराला लागून आहेत?

बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, असं म्हणतात. नीट थर लावले तर बारा वर्षं कशाला, चार महिने पुरतात. यंदा काडी लावण्याआधी एक खड्डा भरून बघा. जिजींच्या आणि माझ्या कुंपणालगतचा खड्डा आता आम्ही दोघी मिळून भरतो.