भूगर्भातील पाणी आणि तेल : शोधाची एक ओळख

माझे चुलते माण तालुक्यात शेती करतात. त्यांच्या माळावरच्या शेतात दोन बोअर आहेत आणि दोन्ही कोरडे आहेत. दोन्ही जागा एका पाणाड्याने दाखविल्या होत्या. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो शेतभर फिरला आणि जेथे नारळ उभा राहिला तेथे त्याने दगड ठेवला. पहिल्या बोअरला घरातील दागिने गेले, दुसऱ्याला बैलजोडी. तिसऱ्यासाठी कर्ज काढण्याचे घाटत होते, तेव्हा माझ्या परिचयाच्या भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांना मी गळ घातली आणि एका रविवारी आम्ही त्यांचे यंत्र घेऊन गावी गेलो. मी भूगोलाचा शिक्षक. हाती हातोडा घेऊन खुंट्या ठोकण्याचे काम माझ्याकडे आले. त्या दिवशी जे शिकलो ते येथे सांगण्याचा विचार आहे.

यंत्र मांडून होण्याआधीच तात्यांनी विचारले, "साहेब, पाणी हाय का न्हाई, येवढंच सांगा."

प्राध्यापक म्हणाले, "तात्या, यंत्राला पाणी दिसत नाही. जमिनीतून वीज किती सहज जाते, एवढेच त्याला कळते. पुढचे आपण ओळखायचे."

हे वाक्य म्हणजे या साऱ्या शास्त्राचे सार होय. कोरडा खडक विजेला फार विरोध करतो. त्याच खडकाच्या भेगांत पाणी भरलेले असले, तर त्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे वीज सुलभतेने वाहते. या विरोधाच्या मापाला रोधकता म्हणतात व ती ओहम-मीटरमध्ये मोजतात. पद्धत साधी आहे. एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर चार पोलादी खुंट्या ठोकावयाच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडावयाची आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये किती विद्युत्‌दाब पडतो ते मोजावयाचे. जमीन फार कोरडी असेल तर खुंटीच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतावे लागते. शेतकऱ्याला हा मोठाच विनोद वाटतो.

गणितही अवघड नाही. खुंट्यांमधील अंतर १० मीटर आहे, १०० मिलिअँपिअर वीज सोडली आणि दाब ५० मिलिव्होल्ट आला असे समजा. ५० ला १०० ने भागले की ०.५ ओहम. त्याला २ × ३.१४ × १० ने गुणले की ३१.४ ओहम-मीटर ही रोधकता झाली. मग खुंट्या दूर दूर न्यावयाच्या. अंतर वाढले की वीज अधिक खोलवर पसरते आणि खालच्या थरांचा प्रभाव मापात उतरतो. मात्र १० मीटर अंतर म्हणजे १० मीटर खोली, असा सरळ हिशेब नसतो. वरच्या सर्व थरांचे मिश्रण त्या आकड्यात असते. ते वेगळे करण्यासाठी आलेख काढावा लागतो. पूर्वी तो छापील नमुना-आलेखांशी ताडून पाहत, आता हे काम संगणक करतो.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. आपले शेतकरी या थरांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ओळखतात : वरचा मुरूम, सच्छिद्र मांजऱ्या, त्याखालचा काळा पाषाण, मध्येच लाल गेरूचा पट्टा. ढोबळ मानाने काळ्या मातीची व गेरूची रोधकता ५ ते १०, पाणी भरलेल्या मुरमाची वा मांजऱ्याची २० ते ४५, आणि अखंड पाषाणाची ७० च्या वर, कित्येकदा शेकड्यांत असते. यातच खरी मेख आहे. आकडा जितका कमी तितके पाणी जास्त, असे समजणारा फसतो. कारण चिकण माती ओली असते, पण ती पाणी सोडत नाही. खारे पाणीही आकडा खाली आणते. म्हणून प्राध्यापकांनी यंत्र उघडण्यापूर्वी तासभर शेजाऱ्यांच्या विहिरी पाहिल्या, कोणता थर किती हातांवर लागला ते विचारून वहीत टिपले. मला तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटला होता.

माळावर, जुन्या बोअरजवळ, पहिल्या मापापासूनच आकडे चढत गेले : ६०, १००, १८०. पाषाण अगदी वर आलेला होता. ओढ्यालगतच्या तुकड्यात मात्र २ मीटर अंतराला ८, म्हणजे काळी माती. १० मीटरला वरच्या उदाहरणातील तेच ३१. आणि २० मीटरनंतर पुन्हा चढण. शेजारच्या विहिरीतही मांजऱ्या त्याच सुमारास लागला होता. एकाच शेतात दोन जागांमध्ये एवढा फरक!

हीच विद्या तेलाच्या शोधात उलट्या अर्थाने वापरतात, याची मला विशेष गंमत वाटली. फ्रान्सचे कॉनराड श्लुंबर्गर यांनी १९१२ साली नॉर्मंडीत जमिनीत वीज सोडून असे प्रयोग केले. पुढे १९२७ साली अल्सेसमधील पेशेलब्रॉन येथे तेलविहिरीच्या छिद्रात उपकरण सोडून खोलीगणिक रोधकता मोजण्यात आली. तेलातून वीज वाहत नाही, आणि खोलवरचे पाणी बहुधा खारे असते. त्यामुळे तेथे सच्छिद्र थरात आकडा वाढला की तेलाची आशा करावयाची. तात्यांच्या माळावर जो चढता आकडा निराशेचा, तोच तेलविहिरीत आशेचा.

परंतु हे झाले छिद्र पाडल्यानंतरचे. छिद्र कोठे पाडावयाचे यासाठी मुख्यतः भूकंपीय पद्धत वापरतात. पृष्ठभागावर कृत्रिम हादरा द्यावयाचा आणि खोल थरांवर आपटून परतणारा प्रतिध्वनी टिपावयाचा. प्रतिध्वनी २ सेकंदांनी आला आणि लहरींचा सरासरी वेग सेकंदाला ३,००० मीटर असला, तर जाऊन-येऊन ६,००० मीटर. म्हणजे थर ३,००० मीटर खोल. अशी असंख्य मापे जोडली की थरांची घडी दिसू लागते. वर अभेद्य थर असलेला घुमट सापडला, तर त्यात वायू वर, तेल मध्ये आणि पाणी खाली साचण्याचा संभव असतो. संभवच, घुमट दिसला म्हणून तेल असेलच असे नाही.

मुंबईच्या पश्चिमेच्या समुद्रात हेच घडले. १९६४-६५ च्या सुमारास 'अकादेमिक आर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजाने केलेल्या सर्वेक्षणात किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली मोठा उंचवटा असल्याचे दिसून आले. त्यात तेल आहे हे मात्र 'सागर सम्राट' या मंचाने फेब्रुवारी १९७४ मध्ये विहीर खणली तेव्हाच ठरले आणि उत्पादन १९७६ साली सुरू झाले. तेथील तेल चुनखडकात आहे. आपल्या पठाराखाली काय आहे हे पाहणे त्याहून बिकट. लाव्ह्याचे थरावर थर लहरींना इतस्ततः विखुरतात आणि प्रतिध्वनी अस्पष्ट होतो.

संध्याकाळी प्राध्यापकांनी तात्यांना स्पष्ट सांगितले, "माळावर तिसरा बोअर घेऊ नका. ओढ्याजवळ साधी विहीर घ्या. पाणी लागेल असे वाटते, पण किती लागेल याची हमी देत नाही." तात्यांना हे फारसे रुचले नाही. पाणाड्याने कसे ठामपणे सांगितले होते! दोन आठवडे ते गप्प होते. मग विहीर धरली.

अकराव्या मीटरला मांजऱ्या लागला आणि झरे फुटले. पाणी फेब्रुवारीअखेरपर्यंत पुरते, पुढे विहीर तळ गाठते. ज्वारी आणि घासाचा तुकडा निघतो, उसाचे नाव काढता येत नाही. दर पंधरा दिवसांनी दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजावयाची आणि वहीत लिहावयाची, असे प्राध्यापकांनी बजावले होते. ती वही तात्यांची नात ठेवते. यंदा ओढ्यापलीकडे शेजाऱ्याने खोल बोअर घेतला, त्यानंतरचे आकडे मी अजून पाहिलेले नाहीत.