अंधारात थांबलेली गाडी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २७:२७-४४

वीज जाऊन गाडी वाटेतच थांबली म्हणजे आतल्या माणसांचे काय होते, हे मुंबईकरांनी १९ ऑगस्ट २०२५ रोजी अनुभवले. मुसळधार पावसाने हार्बर मार्गावरील लोकल बंद पडल्या होत्या. घरी जाण्याच्या घाईत लोकांनी मोनोरेलमध्ये अतोनात गर्दी केली. १०४ टनांची मर्यादा असलेल्या गाडीवर सुमारे १०९ टन भार झाला, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यामुळे विजेच्या पट्टीशी गाडीचा संपर्क तुटला व चेंबूरजवळ म्हैसूर कॉलनीपाशी ती उंचावरच थांबली. थंड हवा बंद झाली; लोक गुदमरू लागले. अग्निशामक दलाने शिड्या लावून ५८२ जणांना काही तासांत सुखरूप उतरवले.

आमच्या हैदराबादेतही २०१७ पासून मेट्रो खांबांवरूनच धावते. तेव्हा हा बोध केवळ मुंबईपुरता नाही. अशा वेळी दार उघडून उडी टाकावी असे मनात येते. पण खाली रस्ता खोल असतो, आणि वीज कोणत्या क्षणी परत येईल याचा नेम नसतो. पौलाच्या तारवातील लोकांवर असाच प्रसंग आला होता.

१. जाणकारांचा मोह. चौदाव्या रात्री खलाशांनी नांगर टाकण्याचा बहाणा करून होडी समुद्रात सोडली. ज्यांना तारू हाकता येत होते, तेच पळू पाहत होते! हे लोक तारवात राहिले नाहीत तर कोणाचाच बचाव होणार नाही, असे पौलाने शताधिपतीला सांगितले, आणि शिपायांनी होडीचे दोर कापून टाकले. देवाने सर्वांचा जीव राखण्याचे वचन दिले होते, तरी खलाशांची गरज संपली नव्हती. देवाचे वचन माणसाचे कर्तव्य रद्द करीत नाही.

२. थांबणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. पौलाने सर्वांना अन्न घेण्याची विनंती केली, देवाचे आभार मानून भाकर मोडली व स्वतः खाल्ली. मग इतरांनाही धीर आला. पोटभर जेवल्यावर त्यांनी गहू समुद्रात टाकून तारू हलके केले. बंद गाडीतही असे काम असते : म्हाताऱ्या माणसाला जागा देणे, जवळचे पाणी वाटून घेणे, घाबरलेल्या मुलाशी बोलणे, बचाव करणाऱ्यांची सूचना मागच्यांपर्यंत पोहोचवणे.

३. सर्वांचा बचाव. शेवटी पोहता येणाऱ्यांनी आधी उड्या टाकल्या. पण चोरून नव्हे, हुकमाप्रमाणे, योग्य वेळी. बाकीचे फळ्यांवर व तारवाच्या तुकड्यांवर आले. तारू फुटले, पण २७६ जणांतला एकही बुडाला नाही.

प्रिय वाचकहो, मंडळीची गाडीही कधी कधी अशीच थांबते. पाळकाची जागा रिकामी राहते, कमिटीत तंटा होतो, मुलांना मराठी वाचता येत नाही. परप्रांतातील लहान मराठी मंडळीत तर हे लवकर जाणवते. मग शिकलेली, गाणारी, शिकवू शकणारी कुटुंबे कोणाला न सांगता दुसऱ्या उपासनेला जाऊ लागतात. त्यांचे तिथे बरे चालते. पण मागे राहतात विधवा, वृद्ध आणि ज्यांना दुसरी भाषा येत नाही असे लोक. कोणी मंडळी बदलूच नये असे शास्त्र सांगत नाही. परंतु आपण होडी सोडत आहोत काय, आणि नांगर टाकण्याचा बहाणा करीत आहोत काय, हे प्रत्येकाने प्रभूसमोर तपासावे.

शब्बाथशाळेसाठी प्रश्न :

१) खलाशी तारू सोडू लागले तेव्हा पौल गप्प का बसला नाही?
२) गाडी अंधारात थांबली व शेजारचे मूल रडू लागले, तर तुम्ही काय कराल?
३) तुमच्या मंडळीतून कोण अलीकडे दिसेनासे झाले आहे? या आठवड्यात त्यांच्या घरी कोण जाईल?