रिपोर्ट नॉर्मल, पण अंगात त्राण नाही : मग पुढे काय?



उभा ऊस पिवळा पडू लागला, की आपण माती परीक्षण करून घेतो. अहवाल येतो. नत्र, स्फुरद, पालाश ठीक, सामूही बरोबर. तेवढ्याने ऊस हिरवा होतो काय? जाणता शेतकरी अहवाल खिशात घालतो आणि एक बेट उपटून बघतो. मुळ्या हुमणीने खाल्लेल्या असतात. अहवाल खोटा नव्हता. पण त्यात हुमणी दिसतच नाही.

माणसाच्या रक्ततपासणीचेही असेच आहे. थकवा जात नाही, थंडी सोसत नाही, वजन वाढते, केस गळतात, पोट साफ होत नाही, तोंड सुजल्यासारखे दिसते. ही थायरॉईड मंद झाल्याची लक्षणे. डॉक्टर टीएसएच नावाची तपासणी करायला सांगतात, आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. मग घरात सुरू होते, "काही झालेलं नाही तुला, कामाचा कंटाळा आलाय." बाई गप्प बसते आणि तशीच भांगलणीला जाते. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ काय आणि काय नाही, हे सर्वांनी समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

टीएसएच म्हणजे काय?

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली ग्रंथी. तिला कामाचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. त्या हुकमाचे नाव टीएसएच. शेतकी कार्यालयातून तोडणीची चिठ्ठी निघते, तसेच समजा. फडातून ऊस येईना झाला, की चिठ्ठीवर चिठ्ठी निघते. तशी थायरॉईड मंदावली, की टीएसएच वाढते. बऱ्याच प्रयोगशाळा मोठ्या माणसाला ०.४ ते ४ च्या आसपासचा आकडा नॉर्मल धरतात. बहुतेक रोग्यांत दोष थायरॉईडमध्येच असतो, म्हणून ही एक तपासणी बहुधा पुरते.

पण कार्यालयच बंद पडले तर? चिठ्ठ्या वाढणार कशा? पीयूषिका ग्रंथीला इजा झाली, की टीएसएच नॉर्मल किंवा कमी दिसू शकते, आणि थायरॉईडचा रस मात्र रक्तात कमी असतो. तो 'फ्री टी-४' या तपासणीत कळतो. नुसत्या टीएसएचवर हा रोग निसटतो.

हे कुणाच्या बाबतीत घडते?

पहिली गोष्ट बाळंतपणाची. बाळंतपणात फार रक्त गेले, तर ही ग्रंथी सुकू शकते. ग्लासगोमध्ये काम करणारे डॉक्टर हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली याचे वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव या रोगाला आहे. खूण सोपी आहे : बाळाला पाजायला दूधच आले नाही आणि पुढे पाळीही परत आली नाही. कित्येकदा रोग ओळखेपर्यंत वर्षे निघून जातात, कारण जुन्या बाळंतपणाची गोष्ट कोणी विचारत नाही आणि बाईही आपणहून सांगत नाही.

दुसरी गोष्ट तर आपल्या फडातलीच. घोणस चावून वाचलेल्या काही रोग्यांत हीच ग्रंथी निकामी झाल्याचे भारतातील व म्यानमारमधील डॉक्टरांनी नोंदले आहे. साप चावला, लस दिली, माणूस घरी आला, म्हणजे सगळे संपले असे नाही. पुढे महिन्यांनी, वर्षांनी थकवा सुरू झाला, तरी चाव्याची गोष्ट डॉक्टरांना सांगावी.

डोक्याला मोठा मार लागला असेल, किंवा डोके दुखून नजर कमी होत असेल, तर तेही सांगावे.

थायरॉईड खरोखरच चांगली असेल तर?

बहुतेकदा असेच असते. पण म्हणून त्रास खोटा ठरत नाही. रक्त कमी असणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, साखर, रात्री घोरताना श्वास अडकणे, मनाची उदासी, या सगळ्यांत असाच थकवा येतो. पाळीला जास्त जाणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन तर आधी पाहावे. उदासी हासुद्धा रोगच आहे, त्यालाही औषध आहे.

सभासदांनी लक्षात ठेवावे

१. त्रास कधी सुरू झाला, त्याआधी काय घडले (बाळंतपण, साप, अपघात, नवे औषध), हे कागदावर लिहून न्यावे. जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवावेत.

२. "माझी फ्री टी-४ पाहायची गरज आहे का? हिमोग्लोबिन, बी-१२, साखर पाहिली का?" असे डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारावे.

३. केसांसाठीच्या पुष्कळ गोळ्यांत बायोटिन असते. त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो. अशी गोळी चालू असेल तर तपासणीपूर्वी सांगावे. ती किमान दोन दिवस आधी बंद ठेवायला सांगतात.

४. गळ्याला गाठ किंवा सूज असेल, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी गळा दाखवावाच.

५. शेजारणीची थायरॉईडची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. गरज नसता घेतली तर छाती धडधडते, हाडे ठिसूळ होतात. पीयूषिका बिघडलेल्या रोग्याला तर बहुधा आधी दुसरे औषध, स्टेरॉईड, लागते. ते न देता थायरॉईडची गोळी सुरू केली तर जिवावर बेतू शकते.

६. तालुक्याला उलगडा झाला नाही, तर चिठ्ठी घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे.

नॉर्मल रिपोर्ट आला, म्हणजे एक कारण बहुधा बाजूला पडले, एवढेच. शोध तिथे संपत नाही. ऊस पिवळा दिसला तर आपण बेट उपटून पाहतो. घरातले माणूस वर्षभर "अंगात त्राण नाही" म्हणत असेल, तर निदान तेवढी चौकशी त्याच्या वाट्याला यावी.