पंपावरची वीज: खर्च कुठे करावा, कुठे वाचवावा

पेट्रोलपंपाची वायरिंग करायला घेतली की एक कंत्राटदार म्हणतो, ‘सगळं फ्लेमप्रूफच घ्या’. दुसरा म्हणतो, ‘साधं चालतं.’ पहिल्याचं ऐकलं तर पैसे उगाच जातात, दुसऱ्याचं ऐकलं तर जीव धोक्यात. खरेदीआधी ‘पेसो’ने, म्हणजे नागपुरात मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेने, मंजूर केलेला नकाशा समोर घ्या.

झोन आधी, खरेदी नंतर
पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यांत आणि केबलच्या चरांत साचते. त्यामुळे डिस्पेन्सर, टाकीचं मॅनहोल, टँकर रिकामा करायची जागा आणि व्हेंट पाइपचं तोंड यांच्याभोवती धोक्याचे झोन ठरलेले असतात. फ्लेमप्रूफ सामान तिथे लागतं. झोनबाहेरच्या ऑफिसला, जनरेटरच्या खोलीला आणि कॅनोपीच्या उंच दिव्यांना चांगलं आयएसआय किंवा पावसात टिकणारं सामान पुरतं.

ठोकळ बाजारभाव (जीएसटी वेगळा)
- फ्लेमप्रूफ एलईडी दिवा: ३,००० ते १०,००० रुपये
- फ्लेमप्रूफ स्विच किंवा जंक्शन बॉक्स: १,५०० ते ५,००० रुपये
- फ्लेमप्रूफ डबल कॉम्प्रेशन केबल ग्लँड: नगास ३०० ते १,००० रुपये
- अर्थिंगचा एक खड्डा, मजुरीसह: ५,००० ते १५,००० रुपये
- अर्थिंगची चाचणी, अहवालासह: एका भेटीचे २,००० ते ५,००० रुपये

गाव, कंपनी आणि जमीन यांनुसार भाव बदलतात; तीन कोटेशनं घ्याच.

इथे काटकसर नको
फ्लेमप्रूफ पेटी वाफेला आत येण्यापासून अडवत नाही. आत स्फोट झालाच तर तो आतच जिरवते आणि फटीतून बाहेर पडणारा वायू थंड करते. एक बोल्ट गायब असला किंवा साधा ग्लँड बसवला, तर पाच हजारांची पेटी कुचकामी. न वापरलेल्या भोकांना प्रमाणित प्लगच लावा.

पेट्रोलियम नियम, २००२ नुसार अर्थिंगचा जमिनीशी रोध ७ ओहमपेक्षा जास्त नसावा आणि फिटिंगपासून अर्थ प्लेटपर्यंतचा २ ओहमपेक्षा. खडकाळ जमिनीत एका खड्ड्यात हा आकडा येईलच असं नाही. दोन-तीन खड्डे जोडण्याची तरतूद ठेवा. दरवर्षीची चाचणी एप्रिल-मेमध्ये करा. माती कोरडी असताना आकडा बसला, तर पावसाळ्यात चिंता नाही.

टँकरला अर्थिंगचा क्लॅम्प होज जोडण्याआधी लावायचा आणि होज सोडल्यावरच काढायचा. याला खर्च शून्य, शिस्त मात्र रोजची.

बिल देण्याआधी
सामानावरच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक, चाचणी प्रमाणपत्र आणि ‘पेसो’ची मान्यता जुळवून पाहा. कंत्राटदाराचा विद्युत परवाना चालू आहे का, तेही तपासा. दहा टक्के रक्कम हातची राखा; सहीशिक्क्याचा चाचणी अहवाल मिळाला की मगच द्या.