आजचा श्लोक (गीता ३.१२) : चिंचणीचा ताम्रपट आणि मोफत होडी



आजच्या श्लोकाचा अर्थ सरळ आहे, पण बोचतो. ज्यांनी दिलं त्यांना परत न देता जो उपभोगतो, त्याला भगवंत चोर म्हणतात. लोभी नाही, स्वार्थी नाही, थेट चोर! पुढच्याच श्लोकात यज्ञ करून उरलेलं खाणाऱ्यांची गोष्ट येते. म्हणजे आधी देणं, मग खाणं.

आता आमच्या डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला या. इथे राष्ट्रकूटांचा शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपट सापडला आहे. तेव्हा संजाणच्या मुलखाचा कारभार राष्ट्रकूट राजाने मधुमती नावाच्या एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे सोपवला होता (मधुमती हे मोहम्मदचं संस्कृत रूप). ताम्रपट सांगतो, त्याने आसपासची बंदरं जिंकून तिथे आपले अधिकारी नेमले. आणि दोन प्रवाहांवर लोकांसाठी मोफत होडी सुरू केली, संजाणला अन्नछत्र घातलं. साळीचा भात, कालवण, तूप, सगळं फुकट. देवीच्या मठिकेला दानही त्याच्याच हातून झालं. प्रशस्ती लिहिणारे जरा वाढवून लिहितात हे धरलं, तरी सत्ताधाऱ्याची स्तुती करताना होडी आणि भात नोंदवावासा वाटला, हे मला फार मोठं वाटतं.

त्याच किनाऱ्यावर आता वाढवण बंदर येतंय. सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प, ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये इथल्या बंदराला नकार दिला होता, २०२३ मध्ये परवानगी दिली. मच्छीमारांचा विरोध अजून आहे.

आपण आयटीवाले सीएसआर म्हटलं की निवांत होतो. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. चांगलंच आहे, त्यातून शाळा, दवाखाने उभे राहतात. पण हे दोन टक्के नफा मोजून झाल्यावरचे. श्लोकातलं देणं डिझाइनमध्येच आहे, रिलीजनंतरचा पॅच नाही.

शिवाय मधुमतीची होडी पाण्यावरच चालली, लोकांची अडचण होती तिथे. बंदरामुळे मच्छीमाराचं जे जाईल तेही पाण्यातलंच असेल: जाळं लावायची जागा, होडी न्यायची वाट. त्याबदल्यात नुसता कॉम्प्युटर क्लास काढला, तर ते दान होईल, पण परतफेड झाली असं मी म्हणणार नाही. मासेमारीची जागा आणि वाट भराव टाकण्याआधी ठरायला हवी, कोळ्यांना सोबत बसवून.

उद्या श्लोक १४: अन्न, पाऊस आणि यज्ञाचं चक्र.