साप नव्हे, पाल

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील गवताळ माळावर एखादा दगड उलथला, तर क्वचित त्याखालून पेन्सिलीसारखा बारीक, बिनपायांचा एक प्राणी सळसळत निघून जातो. राखी-तपकिरी अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत गडद पट्टे असतात. अनोळखी मनुष्य साप समजून काठीच शोधू लागेल!

परंतु तो साप नव्हे. आपल्या घराच्या भिंतीवर किडे टिपणाऱ्या पालीच्या गोतातलीच ही पट्टेरी पाल होय. हिच्या पूर्वजांचे पुढचे पाय कालांतराने पार नाहीसे झाले. मागच्या पायांच्या जागी दोन इवल्या झडपा तेवढ्या उरल्या. सापाला बाहेरून कान दिसत नाहीत, हिला मात्र कानांची छिद्रे असतात. हिची जीभ दुभंगलेली नसून रुंद व मांसल असते. मौज अशी, की पापण्या नसल्यामुळे ही पाल त्याच जिभेने आपले डोळे पुसते! हाती धरली, तर बारीक चीत्कारही करते.

हिची लांबी सुमारे ३० सेंटिमीटर भरते. तीत दोन तृतीयांश शेपटीच असते. शत्रूने पकडताच शेपटी तुटते, पाल निसटते आणि नवी शेपटी पुढे सावकाश उगवते.

व्हिक्टोरिया राज्यातील हिचे माळ दख्खनच्या पठाराप्रमाणे लाव्ह्यापासून बनले आहेत. उन्हाळ्यात तेथील चिकण जमिनीला भेगा पडतात. त्या भेगांत, दगडांखाली आणि गवताच्या ठोंबांच्या बुंध्याशी ही पाल राहते. रातकिडे, कोळी व अळ्या खाते. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, मादी दोन अंडी घालते. कधी अनेक माद्या एकाच जागी अंडी घालतात.

दोनच अंडी! त्यातच माळ नांगरले गेले, दगड वेचले गेले आणि मेलबर्न शहर पसरत गेले. त्या पठारावरील मूळ गवताळ प्रदेशापैकी शेकडा २ हूनही कमी भाग आता उरला आहे. नांगरलेल्या रानात ही पाल सहसा टिकत नाही.

उरलेल्या माळांवर हिचा शोध घेण्यासाठी संशोधक एक साधी युक्ती करतात. ते गवतात छपराची कौले ओळीने मांडून ठेवतात. उन्हाने कौले तापली, की ऊब घेण्यासाठी पाली त्यांखाली येतात. मग कौल अलगद उचलून त्यांची मोजदाद होते. प्रत्येकीच्या डोक्यावरील खवल्यांची ठेवण निराळी असते. त्यामुळे छायाचित्रे जुळवून पूर्वी भेटलेली पालही ओळखता येते.